वीतभर करडी लोकर

पलंगाच्या पायाला लाल केस फुटताना कातारी पहिल्यांदाच बघत होता.

सोमवारची दुपार होती. बाहेर रिमझिम चालू होती, रस्त्यावर फारसं कुणी नव्हतं. लेथवर पलंगाचा पाय गरगर फिरत होता आणि कातारी पटाशी टेकवून त्याला कंबर काढत होता. एवढ्यात त्या पांढऱ्या लाकडावर लाल पट्टा दिसला. आधी बोटभर, मग चार बोटं. त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. पट्टा आता हातभर झाला होता... आणि चांगला जाडजूडही.

मग त्याला धागा दिसला. दुकानाच्या उंबऱ्यावरून एक लाल धागा ताणून आत आला होता आणि बाहेरून एका बाईचा आवाज येत होता.

"अहो! कोण ओढतंय? सोडा ना!"

काही बिघडलं की आधी मोटार बंद करायची, बाकीचं नंतर. हे त्याच्या वडिलांनी त्याच्या अंगात इतकं भिनवलं होतं की दूध उतू गेलं तरी त्याचा हात आधी स्विच शोधायचा. स्विच मागच्या भिंतीवर होता. तो धावत गेला, मोटार बंद केली आणि वळला, तर दारात ती उभी. केस भिजलेले, हातात भोक पडलेली पिशवी, मुठीत धाग्याचं टोक. धावत आल्यामुळे धाप लागलेली.

"ही लोकर माझी आहे," ती म्हणाली.

"हा पाय माझा आहे," तो म्हणाला. मग घाईने, "म्हणजे... पलंगाचा."

तिने पायाकडे पाहिलं. त्याच्याकडे पाहिलं. आणि खळखळून हसली. कातारीला वाटलं, लोकर अजून थोडी असती तर बरं झालं असतं.

झालं होतं एवढंच की तिची पिशवी फाटली, लोकरीचा गुंडा निसटला, उतारावरून घरंगळत थेट दुकानात शिरला, लेथखाली गेला आणि धागा फिरत्या पायाला अडकला. तिने टोक घट्ट धरून ठेवलं होतं, म्हणून ती धाग्यामागून ओढल्यासारखी आली.

"सोडून द्यायचं ना टोक," तो म्हणाला.

"माझा स्वभाव नाही तो."

आता लोकर सोडवायची कशी? कापून काढली असती तर तुकडे झाले असते. शेवटी ती स्टुलावर बसली, आणि तो पलंगाचा पाय हाताने उलटा फिरवत राहिला. तो फिरवणार, ती गुंडाळणार. तो जरा जोरात फिरवायचा, ती "हळू!" म्हणायची. तो हळू फिरवायचा, ती "झोपलात का?" म्हणायची. मोटारीने पाऊण मिनिटात केलेलं काम दोघांनी मिळून पाऊण तास केलं. कुणीही घाई केली नाही.

तेवढ्या वेळात कळलं की ती शाळेत हस्तकला शिकवते. मुलं तिला बाई म्हणतात. गेले दोन आठवडे बाई लाकडी रिळं शोधत हिंडत होती.

"कसली रिळं?"

"दोऱ्याची हो. शिंप्याकडे असायची ना, मधे भोक असलेली. वरच्या बाजूला भोकाभोवती चार खिळे ठोकायचे, खिळ्यांना लोकर गुंडाळायची, काडीने टाका उचलून खिळ्यावरून पलीकडे टाकायचा. एक खिळा, दुसरा, तिसरा, चौथा... खालच्या भोकातून गोल दोरी बाहेर येते. तुम्ही केलं नाही कधी?"

"नाही."

"मग लहानपणी काय केलंत?"

"भोवरे विकले."

ती पुन्हा हसली. "आम्ही त्याला शेपटी म्हणायचो. वर्गात चाळीसजणी, चाळीस शेपट्या. मधल्या सुट्टीत मोजायचो, कुणाची लांब. त्या शेपटीचा उपयोग काहीच नाही, हां. पण हातातून सुटायची नाही. आता वर्गातल्या तीस मुलांना शिकवावं म्हटलं तर रिळंच नाहीत. सगळे शिंपी म्हणतात, बाई, आता प्लास्टिक. प्लास्टिकमध्ये खिळा ठोकला की तडकतं."

कातारी पाय फिरवायचा थांबला.

"ती रिळं आमच्याकडेच व्हायची," तो म्हणाला. "याच लेथवर. वडील पोत्याने करायचे, दोऱ्याच्या कारखान्यासाठी. एके दिवशी कारखान्याचा माणूस आला, म्हणाला, उद्यापासून नको. शेवटची पोती कितीतरी दिवस त्या कोपऱ्यात पडून होती. वडील म्हणायचे, दोरा संपला की रीळ कचऱ्यात, त्यात एवढा जीव कशाला घालायचा?"

"कचऱ्यात?" बाई जवळजवळ ओरडलीच. "शिंप्याच्या दुकानाबाहेर आम्ही रांग लावायचो! एका रिळासाठी मैत्रिणी तुटायच्या!"

वडील आता नव्हते. पण ते असते तर हे ऐकून त्यांनी चहा मागवला असता, असं कातारीला वाटलं. म्हणून त्यानेच मागवला.

"तीस रिळं मी करून देतो," तो म्हणाला. "फक्त नमुना आणा."

दुसऱ्या दिवशी ती पत्र्याचा डबा घेऊन आली. झाकण उघडलं. आत वेटोळं करून ठेवलेली शेपटी. केवढी लांब! दुकानाच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत नेऊन परत आणली असती तरी उरली असती. हिरवी, मग जांभळी, मग पिवळी, मग निळी, शेवटी करडी. करड्या टोकाला रीळ, झिजून गुळगुळीत झालेलं, आणि त्याच्या चार खिळ्यांवर चार टाके अजून तसेच अडकलेले.

"आई ऑर्डरचे स्वेटर विणायची," ती वेटोळ्यावरून बोट फिरवत म्हणाली. "उरलेली लोकर मला मिळायची. हा हिरवा डॉक्टरांच्या मफलरचा. जांभळा शेजारच्या काकूंच्या ब्लाउजचा... तो त्यांना कधी झाला नाही, म्हणून लोकर भरपूर उरली. पिवळा कुणाच्या तरी बाळाचा. निळा माझ्या शाळेचा."

"आणि करडा?"

"करडा बाबांच्या स्वेटरचा. तो राहिला अर्धवट. आई गेली तेव्हा मी बारा वर्षांची होते. मावशी मला दोन महिने तिच्याकडे घेऊन गेली. परत आले, डबा उघडला, तर शेपटी वीतभर वाढलेली. आईने जाण्याआधी माझ्यासाठी विणून ठेवलेली." तिने रीळ तळहातावर घेतलं. "त्यानंतर मी एक टाका घातला नाही. मोठ्या परीक्षेला जाताना बोट लावून जायचे, तेवढंच. म्हणून म्हणते, सगळी मापं घ्या. पण टाके..."

"हात लावणार नाही."

तिने रीळ उलटं करून दाखवलं. तळाशी दोन बारीक गोल रेघा होत्या. "हे बघा ना! तुमच्या वडिलांच्या हातचं तर नसेल हे?"

कातारीने नीट पाहिलं. "दोन रेघा सगळेच कातारी मारतात," तो म्हणाला.

"अहो, खोटं तरी बोलावं एखाद्या माणसाने! काय बिघडलं असतं?"

"पण वडिलांचंच आहे, असं नाही सांगता येत."

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही वाटतं," ती म्हणाली. म्हणाली चेष्टेने, पण बघत राहिली ती चेष्टेने नव्हे. मग छत्री उघडून गेली. कातारी बराच वेळ दाराकडे तोंड करून उभा होता. पलंगवाल्याचा फोन आला तेव्हा कुठे तो भानावर आला.

त्या दुपारी त्याने मापं घेतली. उंची झाली, घेर झाला, तळ झाला. राहिलं दोन खिळ्यांमधलं अंतर. तिथे टाके आड येत होते. त्याने विचार केला, टाके काढायचे नाहीत, नुसते बाजूला घ्यायचे. कामाची पेन्सिल गुळगुळीत होती. एकेक टाका त्याने खिळ्यावरून उचलून पेन्सिलीवर घेतला. चारही. हात जराही थरथरला नाही. स्वतःवरच खूश झाला. माप घेतलं.

माप घेतलं की कातारी काय करतो? लिहितो. हात आपोआप पेन्सिलीकडे गेला, फळीवर आकडा लिहिला आणि पेन्सिल कानामागे गेली.

मग त्याला जाणवलं, पेन्सिल मोकळी आहे.

तो रिळावर वाकला. चार टाके मोकळ्या हवेत चार डोळ्यांसारखे त्याच्याकडे बघत होते. अजून काही गेलं नव्हतं. तो हळूच मागे झाला, पण लोकरीचं टोक त्याच्या शर्टाच्या बटणात अडकलेलं होतं. सर्र... दोन फेरे उसवले. आणि काही बिघडलं की आधी काय करायचं?

तो मोटार बंद करायला मागच्या भिंतीकडे धावला.

मोटार सकाळपासून बंदच होती.

स्विचला हात लागला तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं. बाकापासून त्याच्या छातीपर्यंत करडा, नागमोडी धागा लोंबत होता. पंधरा वर्षं टाक्यात राहिलेली लोकर सरळ व्हायलाच तयार नव्हती. करड्यातले जेमतेम चार फेरे शिल्लक होते.

तो स्टुलावर बसला तो बसलाच. चहा आला आणि निवून गेला.

मग तो उठला. एक नवं रीळ कातलं, चार खिळे ठोकले आणि गोणीच्या सुतळीवर शिकायला बसला. एक खिळा, दुसरा, तिसरा, चौथा. पहिली शेपटी दातांनी चावल्यासारखी झाली. चौथी बरी झाली. बुधवारी संध्याकाळी त्याने हात धुतले, जुन्या रिळावर ते चार टाके परत चढवले आणि करडी लोकर पुन्हा विणली. लाकडाला सरावलेला हात, सैल काही सुटेना. वीण घट्ट झाली. पूर्वी वीतभर होती ती आता दोन बोटं कमी भरली आणि हातभर लोकर उरली.

उरलेली लोकर कापून टाकली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. कात्री समोरच होती. त्याने ती उचललीही. मग ठेवून दिली आणि लोकर वेटोळ्याखाली सारली.

गुरुवारी ती आली. ठरवलं होतं सांगायचं. तिने डबा घेतला, छातीशी धरला आणि विचारलं, "नीट आहे ना?"

"आहे," तो म्हणाला. बोलून गेला आणि घाईने तीस रिळांचं पोतं तिच्यापुढे सरकवलं.

"शनिवारी वर्गावर या ना. खिळे ठोकायला पुरुषमाणूस हवा, असं नाही. मला येतात ठोकता. पण... या."

तो गेला. तीस मुलं, तीस रिळं आणि हातोडीचा असा काही गदारोळ की शेजारच्या वर्गाचे गणिताचे सर दोनदा डोकावून गेले. लोकर वाटली गेली. पहिली दहा मिनिटं नुसता गुंता. मग खिडकीजवळच्या एका मुलीच्या रिळातून खालून लाल टोक बाहेर आलं आणि ती किंचाळली, "बाई! माझी आली!" मग कुणाला मधल्या सुट्टीला जायचंच नव्हतं.

कातारी एका मुलीचा निसटलेला टाका उचलून देत होता. बाई मागे येऊन उभी राहिली.

"तुम्हाला कसं येतं हे?"

"शिकलो... थोडं."

"कधी?"

"या आठवड्यात."

"माझ्यासाठी?" तिने इतक्या हळू विचारलं की तीस मुलांच्या गोंगाटात फक्त त्यालाच ऐकू यावं. पण समोरच्या मुलीचे कान तिखट होते.

"बाई, हे काका लाल झाले!"

वर्ग हसला. बाईही हसली. कातारीला मात्र कुठे तोंड लपवू असं झालं, आणि त्याचं कारण फक्त लाज नव्हती.

शाळा सुटल्यावर दोघं एका छत्रीतून निघाले. छत्री तिची, लहान. त्याचा एक खांदा भिजत होता आणि त्याला ते कळतही नव्हतं. ती बोलत होती. खूप दिवसांनी इतकं हसले, म्हणाली. मुलांची बोटं चालताना पाहून आपलीही शिवशिवली, म्हणाली. कोपऱ्यावर थांबली.

"मी ठरवलंय. उद्या संध्याकाळी करड्याला लाल जोडणार. तुमच्या पलंगाच्या पायाची लोकर आहे ना, तीच. पंधरा वर्षांनी पहिला टाका. बाबा असतील, आणि..." ती छत्रीच्या मुठीशी चाळा करत राहिली. "तुम्ही असावं असं वाटतं."

या वाक्यासाठी त्याने पाच दिवस मनात काय काय रचलं होतं! आणि आता ते मिळालं तर घ्यायची सोय नव्हती. तिने उद्या लाल जोडली की करडा भाग कायमचा आत जाणार होता. मग तो खोटेपणाही करड्यासकट आत जाणार, आणि करड्यापुढे ती फेऱ्यावर फेरे घालत बसणार, आईचं म्हणून. आणि सांगितलं तर... ही छत्री शेवटची.

"येतो," तो म्हणाला.

रविवारी दार तिच्या बाबांनी उघडलं. टपालखात्यात आयुष्य घालवलेले, ताठ, बारीक अंगाचे गृहस्थ. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खिडकीशी दोन खुर्च्या, मधे डबा.

"या या, पलंगवाले. चिमी चहा टाकतेय. दोन दिवस घरात दुसरा विषय नाही."

कातारी बसला नाही. "काका," तो म्हणाला, "तुम्हाला आधी सांगतो. माझ्या हातून ते उसवलं."

"काय उसवलं?"

"करडा भाग. टाके पेन्सिलीवर घेतले होते. मग पेन्सिल घेतली. मग मोटार बंद करायला धावलो. मोटार चालू नव्हती." सांगताना त्यालाच ते कसंतरी वाटलं. "परत विणलाय. पण तो माझ्या हातचा आहे. त्यांच्या आईच्या हातचं वीतभर होतं, ते गेलं."

बाबांनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. मग खुर्चीत टेकले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. कातारीला आधी वाटलं, रडताहेत. ते हसत होते, आवाज न करता, तोंडावर हात धरून.

"अरे, आईच्या हातचं कुठलं? माझ्या हातचं होतं ते."

"तुमच्या?"

"हळू बोल! ही गेली, पोरगी मावशीकडे. घरात मी आणि घड्याळ. दिवसा टपाल वाटायचो, ते बरं होतं. पण संध्याकाळी पाच ते आठ ही वेळ... ती जायची नाही रे. तू तरुण आहेस, तुला नाही कळायचं. भाजी चिरायला घ्यावी तर दोन माणसांची चिरली जायची. तेव्हा हा डबा दिसला. माझ्या स्वेटरची लोकर होती. चिमीला विणताना बघितलं होतं, तसं करत बसलो. रोज चार-पाच फेरे घालायचे, एखादा सोडून बाकीचे उसवायचे. मग आठ वाजायचे."

"मग त्यांना..."

"आली, डबा उघडला आणि ओरडली, बाबा, आईने माझ्यासाठी विणून ठेवलंय! दोन महिन्यांनी पहिल्यांदा पोर हसली होती. आता तू सांग, मी काय म्हणायला पाहिजे होतं?" बाबांनी हसू पुसलं. "गप्प बसलो. आणि एकदा गप्प बसलं ना, की रोज बसावं लागतं."

आत कपांचा आवाज झाला. दोघं दचकले.

"आधी तू सांग," बाबा कुजबुजले.

"तुम्ही वडीलमाणूस."

"म्हणूनच!"

ती ट्रे घेऊन आली. आकाशी साडी, केसांना अजून पाणी. दोघांकडे बघून म्हणाली, "काय, चोरी पकडल्यासारखे बसलात?"

कातारीने सांगितलं. जसं बाबांना सांगितलं तसंच, फक्त मोटारीचा भाग लहान केला. तिने ट्रे टेबलावर ठेवला. डबा उघडला. करड्यावर बोट ठेवलं, हळूच दाबलं, आणि तिला कळलं. घट्ट होतं. तिने वेटोळ्याखालून ती उरलेली हातभर लोकरही काढली.

"गुरुवारी मी विचारलं, नीट आहे ना."

"हो."

"तुम्ही म्हणालात, आहे."

"हो."

"आणि मला वाटत होतं, या माणसाला खोटं बोलता येत नाही." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "म्हणजे आता यात आईचं काहीच राहिलं नाही."

एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य कातारीला ठाऊक होतं. ते बोललं की तो सुटणार होता. त्याने खाली पाहिलं. वाक्य त्याचं नव्हतं.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "निघतो मी." आणि चपला शोधायला लागला.

"बस खाली," बाबा म्हणाले. मग घसा साफ केला, एकदा, दोनदा. "चिमे, तुझ्या आईला जाण्याआधी महिनाभर हातात सुई धरता येत नव्हती. तू लहान होतीस. तुला आम्ही तेवढं दिसू दिलं नाही. तो करडा भाग... मी विणला होता."

खाली रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"पंधरा वर्षं?" ती म्हणाली.

"हं."

"बाबा, मी त्याला बोट लावून परीक्षेला जायचे!"

"पास तर झालीस ना?"

ती हसली की रडली हे तिलाही सांगता आलं नसतं. पदर डोळ्यांना लावला, मग नाकाला लावला. "मग आईचं काय आहे यात? काहीच नाही?"

"आहे की," बाबा म्हणाले. "दे इकडे."

त्यांनी चष्मा चढवला आणि शेपटी मांडीवर घेऊन इंच इंच सरकवायला लागले. निळा गेला. पिवळ्याच्या सुरुवातीला थांबले. तिथे वीण एका बाजूने उसवल्यासारखी दिसत होती, बारीकशी फट.

"हे बघ. तू तापाने पडली होतीस. हट्ट धरलास, आई, तू घाल फेरे, नाहीतर माझी शेपटी वाढायची थांबेल. तिला या शेपटीचा मनस्वी कंटाळा. म्हणायची, बाहीत हात तरी जातो, यात काय जातं? तरी बसली. चार फेरे घातले आणि चारही वेळा एक खिळा विसरली. गावभरचे स्वेटर विणणारी बाई! मी हसलो तर रीळ माझ्या अंगावर फेकलं."

"हे भोक?" ती म्हणाली. "मला वाटायचं ही माझी चूक. शाळेत मैत्रिणी दाखवायच्या तेव्हा मी हाताने झाकायचे."

तिने त्या फटीत करंगळीचं टोक घातलं आणि तशीच बसून राहिली. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. कातारीला वाटलं, आता इथे आपलं काम नाही. तो आवाज न करता उठला आणि जिना उतरून खाली आला.

फाटकापाशी पोहोचला तर मागून पावलं वाजली.

"चहा न घेता?" ती म्हणाली. छत्री आणायला विसरली होती. पाऊस बारीक होता, पण होता.

"मला वाटलं..."

"तुम्हाला फार वाटतं." ती फाटकाला टेकली. "बाबांनी तुम्हाला आधीच सांगितलं होतं. तोंडावरून कळलं मला. मग मी तुम्हाला बोलत होते तेव्हा सांगितलं का नाहीत?"

"ते त्यांनी सांगायचं होतं."

"आणि तुमचं? तुम्ही बोलला नसतात तर मला कधी कळलं नसतं. उरलेली लोकर तेवढी कापायची होती."

"नसतं कळलं."

"मग?"

कातारीने चष्मा काढला. त्यावर पाण्याचे थेंब होते आणि पुसायला कोरडं काहीच नव्हतं. "रोज तुमच्यासमोर बसून जेवायचं आणि रोज ते पोटात ठेवायचं... मला झेपलं नसतं."

ती एकदम सरळ उभी राहिली.

"रोज?"

काय बोलून बसलो, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. शब्द मागे घ्यायला जागा होती. म्हणता आलं असतं, म्हणजे तसं नव्हे, म्हणजे आपलं बोलायची पद्धत. त्याने चष्मा तसाच ओला डोळ्यांवर चढवला.

"रोज," तो म्हणाला.

"दुपारी मी शाळेत डबा खाते."

"मग रात्री."

"आणि रविवारी?"

"रविवारी दोन्ही वेळा."

त्याच्या शर्टाचं वरचं बटण अर्धवट निघालेलं होतं, ते तिने नीट लावलं आणि हात तिथेच राहू दिला.

दुसऱ्या मजल्याची खिडकी उघडली. "अरे, पावसात उभं राहून काय ठरवताय? वर या, मलाही ऐकू दे!"

"बाबा," ती मान वर न करताच म्हणाली, "पंधरा वर्षं गप्प बसलात ना? अजून पाच मिनिटं बसा!"

खिडकी लागली. पण अगदी घट्ट नाही.